बेळगावकडची एक जुनी मार्टिनी: वय आणि अस्सलपणा तपासताना

जुनी टार्गेट रायफल तपासायला आणताना ती घासूनपुसून आणू नका. आमच्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इथं खंडेनवमीला घरातलं हत्यार चकचकीत करून पूजेला मांडायची रीत आहे. भांडी उजळायची चिंच आणि राख नळीवरून फिरते, वर ओलं गंध आणि हळदीकुंकू चढतं. ते आकड्यांच्या खाचांत बसतं, खानापूरच्या पावसात ओल धरतं आणि दोन-चार वर्षांत अक्षरांच्या तळाशी बारीक खड्डे पडतात. रायफलचं वय सांगणारे शिक्के मिलिमीटरच्या काही अंशांइतकेच खोल असतात, त्यामुळे एका वर्षीच्या घासण्यानं एखादा शिक्का कायमचा जाऊ शकतो.

आम्ही तपासली ती बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीची .२२ मार्टिनी, एकेरी काडतुसाची टार्गेट रायफल. खानापूर तालुक्यातल्या एका घरात ती तीन पिढ्या आहे. परवाना ज्यांच्या नावावर ते काका पूर्ण वेळ सोबत होते. रायफल त्यांच्याच हाती, मोजमाप आणि नोंदी आमच्याकडे. हे कटाक्षानं पाळलं. दुरुस्ती आणि चाचणीलाही शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो, म्हणून आम्ही काहीही दुरुस्त केलं नाही आणि गोळी झाडून पाहिली नाही. टेबलावर ठेवण्याआधी खालची लिव्हर उघडून ब्लॉक (नळीची मागची बाजू बंद करणारा पोलादी ठोकळा) खाली पाडला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, टॉर्चनं पाहिलं आणि वर करंगळीचं टोक लावून खात्री केली. काडतूस घालून ‘बसतंय का’ हे पाहण्याचा प्रकार तर नकोच.

साहित्य साधं होतं. दहापट भिंग, टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, स्टीलची मोजपट्टी, पितळी गज, सुती पॅच, नायलॉनचा ब्रश, बटरपेपर, मऊ शिसपेन्सिल, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, आणि समांतर टोकांचे स्क्रूड्रायव्हर. यातली शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर टोकाकडे निमुळता होत जातो, तो जुन्या स्क्रूच्या अरुंद खाचेतून वर सरकतो आणि खाचेच्या कडा उचलल्या जातात. स्क्रू कुणी छेडले आहेत का हे त्या कडांवरूनच ओळखायचं असतं. आपणच त्या खराब केल्या तर पुढच्या तपासणाऱ्यासाठी काही उरत नाही.

आधी कागद वाचले. बेळगावच्या कागदांचा एक फायदा असा की ते स्वतःचा काळ सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्याआधी मुंबई इलाख्यात. त्या तारखेपासून म्हैसूर राज्य, १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी. परवान्याच्या जीर्ण पुस्तिकेवर तारीख पुसली गेली असली तरी गोल शिक्क्यातल्या राज्याच्या नावावरून ती नोंद कुठल्या टप्प्यातली हे कळतं. काकांकडचा सगळ्यात जुना कागद १९३४ चा, मुंबई इलाख्याचा निघाला. म्हणजे रायफल १९३४ च्या नंतरची असू शकत नाही. पुढे हाच एक कागद निर्णायक ठरला.

कागदांत चुका कुठं होतात हेही माहीत हवं. परवान्यावर अनुक्रमांक म्हणून कधी पेटंटचा क्रमांक उतरवलेला असतो, कारण तो रायफलवर मोठ्या अक्षरांत आणि समोर दिसतो. कधी अंकाआधीचं अक्षर गळतं. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत तर नेहमीची. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या पुस्तिकेवरून नवी उतरवली जाते, प्रत्यक्ष रायफलवरून नाही. म्हणून एकदा झालेली चूक पन्नास वर्षं तशीच पुढे येते.

मग बॉडी, म्हणजे ज्यात ब्लॉक बसतो तो पोलादी सांगाडा. बीएसए ही १८६१ साली बर्मिंगहॅममध्ये स्थापन झालेली कंपनी; तिची खूण म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. आमच्या रायफलवर ती खूण होती आणि कंपनीचं नाव पूर्ण लांबीचं, ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी लिमिटेड’. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालावर ‘बीएसए गन्स लिमिटेड’ असं छोटं नाव येतं. एवढ्यावरून वय ठरत नाही, पण दिशा मिळते.

शिक्के वाचायची आमची पद्धत अशी. खाचांतलं कुंकू बांबूच्या टोकदार काडीनं आणि पातळ तेलाच्या एका थेंबानं मऊ करून उचललं. तारेचा ब्रश नाही, रॉकेलमध्ये बुडवणं नाही. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जवळजवळ आडवी धरली. समोरून प्रकाश टाकला की पुसट शिक्का नाहीसा होतो. तिरक्या प्रकाशात खाचेची एक कड उजळते, दुसरीची सावली पडते आणि तोच शिक्का उठून दिसतो. शेवटी बटरपेपर घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली, लहान मुलं नाण्याचा ठसा काढतात तशी. हा ठसा फोटोपेक्षा भरवशाचा, कारण त्यात अक्षराचा खरा आकार आणि माप दोन्ही येतात.

इंग्लंडमध्ये विकायची प्रत्येक नळी प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाच्या बारानं तपासून शिक्का मारूनच बाहेर पडते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं आहे. या शिक्क्यांचे नियम बदलत गेले, म्हणून ते कालगणनेला उपयोगी पडतात. १९०४ च्या आधी बर्मिंगहॅमचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि त्यांच्या मधल्या जागांत अक्षरं. १९०४ पासून मुकुटाखाली सरळ अक्षरजोड्या आल्या: बीपी, बीव्ही आणि नायट्रो प्रूफसाठी, म्हणजे धूररहित दारूच्या चाचणीसाठी, एनपी. १९५४ च्या नियमांनंतर हे सगळं एकत्र होऊन मुकुटाखाली बीएनपी असा एकच शिक्का पडू लागला आणि सोबत दाबाचा आकडा टनांत आला. आमच्याकडे बीपी, बीव्ही, एनपी तिन्ही वेगवेगळे होते. म्हणजे १९०४ ते १९५४ ही पन्नास वर्षं. एवढी मोठी फट ठेवून कुणी ‘ब्रिटिश काळातली’ म्हणून थांबत असेल तर त्यानं अर्धंच काम केलं.

फट अरुंद करणारी खूण लाकडाखाली असते. पुढचा लाकडी भाग एका स्क्रूवर सुटला. तो सुटताना लाकूड नळीला चिकटलेलं निघालं, कारण वर्षानुवर्षं खोबरेल तेल लावलेलं. खोबरेल सुकत नाही, पण धूळ धरून त्याचा पिवळा चिकट थर होतो आणि त्याखाली ओल अडकते. अशा वेळी लाकूड उचकटू नये. सांध्यावर पातळ मशीन ऑइल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी हातानंच सुटलं.

नळीच्या खालच्या अंगाला तीन गोष्टी होत्या. एक, अनुक्रमांक, बॉडीवरच्या अंकाशी जुळणारा. म्हणजे बॉडी आणि नळी कारखान्यापासून एकत्र. दोन, फुलीसारखे दोन परशू, त्यांच्या फटींत डी आणि बी ही अक्षरं व खाली एक लहान अंक. तीन, दुसऱ्याच हातानं आणि दुसऱ्या वळणाच्या अक्षरांत मारलेलं ‘पार्कर-रायफल्ड’.

यातल्या दुसऱ्या खुणेवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. ही बर्मिंगहॅम प्रूफ हाउसची तपासनिसाची खूण. १९२१ पासून तिच्यात वर्षाचं अक्षर येऊ लागलं. बी म्हणजे बर्मिंगहॅम, खालचा अंक तपासनिसाचा, उरलेलं अक्षर वर्षाचं. १९२१-२२ ला ए, म्हणून डी म्हणजे १९२४-२५. इथं घाई करणारे फसतात. ही मालिका १९५० साली पुन्हा ए पासून सुरू झाली आणि त्या हिशेबानं डी म्हणजे १९५३. दोन्ही वर्षी बीपी, बीव्ही, एनपी हेच शिक्के चालू होते, म्हणून त्यांच्यावरून निवाडा होत नाही. निवाडा केला कंपनीच्या पूर्ण नावानं आणि १९३४ च्या परवान्यानं. जी रायफल १९३४ साली इथल्या कागदावर आहे ती १९५३ साली जन्मू शकत नाही. नळी १९२४-२५ ची. कागद हाताशी नसता तर एकोणतीस वर्षांची चूक झाली असती, आणि ती अगदी आत्मविश्वासानं झाली असती.

तिसऱ्या खुणेमुळे काकांचा चेहरा उतरला, कारण नळी ‘डुप्लिकेट’ निघाली असं त्यांना वाटलं. तसं नाही. बर्मिंगहॅमचे बंदूकवाले पार्कर झिजलेल्या नळीचं छिद्र मोठं करून तिच्यात .२२ ची पातळ, आतून पिळाच्या खाचा पाडलेली (रायफल केलेली) नळी अस्तरासारखी बसवत. नळीच्या तोंडावर भिंग धरलं की छिद्राभोवती केसाइतकी बारीक गोल रेघ दिसते, तीच या अस्तराची कड. ती रेघ आणि तो ठसा दोन्ही असतील तर काम अस्सल पार्करचं मानायला जागा आहे. ठसा नसताना रेघ दिसली तर अस्तर कुणी घातलं ते शोधावं लागतं, आणि अशी नळी पुन्हा प्रूफ झाल्याशिवाय वापरू नये.

अस्तर घालायची वेळ का येई, त्याला कारण आहे. .२२ ची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. जुन्या काडतुसांच्या पेटवणाऱ्या मसाल्यात मात्र पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मिठासारखा क्षार नळीत राहतो, हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत गंज धरतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून नुसतं तेल लावून ठेवलेल्या नळ्याही आतून खाल्ल्या गेल्या. दुसरं नुकसान गजाचं. मार्टिनीत ब्लॉक खाली जातो आणि मागची बाजू बॉडीनं बंद असते, त्यामुळे सरळ ताठ गज बहुधा तोंडाकडूनच घालावा लागतो. तो मार्गदर्शक बुशशिवाय, म्हणजे गज मधोमध धरणाऱ्या कडीशिवाय, घातला की तोंडाची कड एका बाजूनं झिजते आणि नळी आतून आरशासारखी असूनही गोळ्या पसरतात.

आतली मोजणी दोन प्रकारची केली. घट्ट पॅच लावलेला, मुठीत मोकळा फिरणारा गज हळूहळू ओढला आणि त्यावरची खूण एक पूर्ण फेरा घेते तेव्हा अंतर मोजलं: १६ इंच, म्हणजे ४०.६ सेंटिमीटर. .२२ लाँग रायफल काडतुसाचा हाच ठरलेला पीळ आहे. २० किंवा २४ इंच आलं असतं तर नळी .२२ शॉर्टसाठी केलेली असण्याची शक्यता. तीन वेळा मोजा. पॅच सैल असला तर तो घसरतो आणि फेरा खोटाच लांब येतो. नंतर लांबी. ब्लॉक बंद ठेवून गज आत टेकवला, तोंडापाशी चिकटपट्टीनं खूण केली, बाहेर काढून मोजला: २९ इंच. बीएसएच्या टार्गेट मार्टिनीला हीच लांबी अपेक्षित. अर्धा-पाऊण इंच कमी भरलं असतं तर गंजलेलं तोंड कापल्याचा संशय घेऊन माशीची (नेम धरायच्या पुढच्या खुणेची) खाच तोंडापासून किती आत आहे हे पाहिलं असतं.

लाकडावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. पुढचा तुकडा अक्रोडाचा, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, शिसवीचा. शिसवी जड असते. हातात घेताच तोल मागे जातो. रंगावर जाऊ नका, कारण अक्रोडही तेलानं काळा पडतो. दस्त्याच्या टोकाची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की आतलं कोरं लाकूड दिसतं, तिथं जांभळट काळ्या रेषा स्वच्छ होत्या. खानापूर-दांडेलीच्या पट्ट्यात साग आणि शिसवीला तोटा नव्हता, आणि मोडलेला दस्ता बदलायला इथल्या सुतारानं हाताशी असलेलं उत्तम लाकूड घेतलं यात नवल नाही. मार्टिनीचा दस्ता मागून घातलेल्या लांब बोल्टवर बॉडीत ओढून बसवलेला असतो. बोल्ट सैल राहिला की प्रत्येक बाराला दस्ता मागेपुढे धडकतो आणि ‘मनगटाशी’, म्हणजे हाताच्या पकडीच्या अरुंद जागी, चिरतो. मूळ दस्ते याच ठिकाणी गेलेले आढळतात.

लाकूड मूळ असलं तरी ते घासलं आहे का ते वेगळं पाहावं लागतं. कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर ठेवत. बोट फिरवल्यावर लाकडाची कड लागली तर बरं. लोखंडाची कड लागली तर सँडपेपर फिरलेला आहे. टोकाची पट्टी लाकडाबाहेर डोकावत असेल तर तीही साक्ष. आमच्या पुढच्या तुकड्यावर लाकडाची कड लागत होती.

पोलादावरचा ओप तपासताना स्क्रूची भोकं पाहिली. पुन्हा पॉलिश करून निळा ओप चढवला की भोकाच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, सपाट बाजूंच्या धारा गोलावतात, अक्षरांची एक बाजू ओढल्यासारखी दिसते आणि गंजाच्या खड्ड्यातही नवा निळा रंग उतरलेला असतो. जुना प्रामाणिक ओप हाताळण्याच्या जागी विटकरी करडा होतो, लाकडाखाली मात्र गडद राहतो. इथं तसंच होतं. उलट चित्र, म्हणजे बाहेर गडद आणि आत फिकट, दिसलं तर सावध व्हावं.

स्क्रूंपैकी एक इथल्या लेथवर केलेला निघाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले टर्नर काम देखणं करतात, पण आट्यांचा कोन सत्य सांगतो: जुना इंग्रजी व्हिटवर्थ आटा ५५ अंशांचा, मेट्रिक ६० चा. थ्रेड गेज लावताच मागे प्रकाश दिसला, म्हणजे आटे जुळत नव्हते. असा स्क्रू जोरानं पिळला की बॉडीतले जुने आटे उडतात. तो जसा होता तसाच, बेताच्या पिळानं परत बसवला आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून योग्य आट्यांचा करून घ्यावा अशी नोंद केली.

मागची एपर्चर (बारीक भोकातून नेम धरायची) साइट आणि पुढची बोगद्यासारखी माशी पार्कर-हेलची, एफएस २२ जातीची. नेमबाज साइट बदलत राहायचे, त्यामुळे साइटवरून रायफलचं वय काढणं म्हणजे चपलेवरून माणसाचं वय काढणं. बॉडीला नंतर पाडलेली भोकं आहेत का एवढंच पाहायचं, इथं नव्हती.

याच बैठकीत दुसऱ्या रायफलींबद्दलही विचारणा झाली, म्हणून थोडक्यात. एनसीसीच्या पिढ्यांना ओळखीची .२२ ली-एनफील्ड असेल तर बट सॉकेटच्या, म्हणजे दस्ता जिथं बसतो त्या पोलादी भागाच्या, दोन्ही बाजू वाचा: एका बाजूला मूळ रायफलचा कारखाना आणि साल, दुसऱ्या बाजूला .२२ मध्ये बदलल्याची खूण. दोन सालं पाहून ‘बनावट’ म्हणू नये. बाणाखाली आय हे अक्षर म्हणजे भारत सरकारची मालमत्ता. टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सेवेतून काढून विकलेली. जर्मन आन्शुट्झ रायफलचं काम सर्वांत सोपं: उल्मच्या प्रूफ हाउसचं सांबरशिंग शोधा आणि शेजारची दोन अक्षरं वाचा. ए शून्य, बी एक असं चढत आय आठ, मग जे वगळून के नऊ. एचसी असेल तर १९७२. बीएसएच्याच युद्धोत्तर ‘इंटरनॅशनल’ मार्टिनीत १९५९ च्या मार्क ३ पासून नळी लाकडाला न टेकता मोकळी असते. दोघांमधून कागदाची पट्टी बॉडीपर्यंत सरकली तर मार्क ३ किंवा पुढची.

काकांच्या परवान्यावरचा अंक आणि बटरपेपरवरचा अंक मात्र जुळले नाहीत. कागदावर ३, पोलादावर ८. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: अंक जरा ‘उजळून’ घ्या. हे अजिबात करू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. दुरुस्ती कागदात करून घ्यायची. तिरक्या प्रकाशातले फोटो, बॉडी आणि नळी दोन्हींचे ठसे, १९३४ च्या कागदाची प्रत असा अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिससाठी तयार केला. तज्ज्ञाला दाखवायला रायफल कोल्हापूरला न्यायचा विचार होता. पण निपाणीच्या पुढं कागल म्हणजे दुसरं राज्य, आणि परवान्यावर क्षेत्र कर्नाटकापुरतं होतं. म्हणून ठसे गेले, रायफल गेली नाही.

परत देताना नळीत आणि बाहेर पातळ तेलाचा हात दिला. कॅनव्हासच्या खोळीत ठेवू नका असं सांगितलं. खोळ पावसाळाभर ओल धरते. कुलूपबंद कपाटात उभी, तोंडाखाली फडकं, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसणं. खंडेनवमीला गंध दस्त्याच्या लाकडावर लावावं, पोलादावर नाही. काकांनी ते लगेच मान्य केलं.

नोंदीच्या कागदावर तीन रकाने ठेवले होते: मूळ, त्या काळातला बदल, नंतरचा बदल. बॉडी, नळीचं बाहेरचं पोलाद, पुढचं लाकूड, ओप हे पहिल्यात. पार्करचं अस्तर आणि साइट दुसऱ्यात. एक स्क्रू आणि दस्ता तिसऱ्यात. दस्त्यासमोर शेरा लिहिला: शिसवी, स्थानिक काम, मनगटाशी चीर नाही, बदलू नये.